चित्रातल्या आत्याबाई

आवडाबाईंना व्यसन एकच होतं, चौकशीचं. तंबाखू त्यांनी मालक गेल्यावर सोडली, मिसरी नातीनं नाक मुरडलं म्हणून सोडली, पण समोर येईल त्याला प्रश्न विचारायचं काही सुटलं नाही. बिल्डिंगमध्ये लिफ्ट बसवायला मिस्त्री आला तेव्हा त्यांनी, "ही पेटी वर गेली की खालची हवा कुठं जाती रं?" असं विचारलं आणि तो बिचारा हातातला पाना खाली ठेवून विचार करत बसला. त्यांची सून प्रयाग म्हणायची, "आत्याबाई, तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या."

ही बिल्डिंग बीड बायपासच्या पलीकडं, आणि ती उभी होती आवडाबाईंच्याच वावरात. म्हणजे एकेकाळच्या वावरात. तिथं बोरदरी नावाचं गाव होतं. शहर हातपाय पसरत आलं, आधी बायपास झाला, मग प्लॉट पडले, मग पाच-पाच मजले चढले, आणि बोरदरी हे नाव एका रिक्षा स्टॉपपुरतं उरलं. जिथं बाजरी निघायची तिथं पार्किंग आलं. "लोक वावरात राबत्यात, मी वावराच्या डोक्यावर ऱ्हाते," असं आवडाबाई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सांगायच्या. मुलगा मालगाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. घरात त्या, प्रयाग आणि कॉलेजात जाणारी नात श्रेया.

ज्या वर्षी लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं, त्या दुष्काळाच्या वर्षी आवडाबाईंच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले. एके दिवशी त्यांनी साखरेचं ताट तांदूळ समजून निवडायला घेतलं आणि एकही खडा निघत नाही म्हणून दुकानदाराचं कौतुक केलं. तेव्हा मात्र श्रेया त्यांना रिक्षात घालून क्रांती चौकाजवळच्या डॉक्टर देवेश सेलूकरांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या रिवाजाप्रमाणं डोळ्यांत थेंब टाकून त्यांना हॉलमध्ये बसवलं. समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. आवडाबाई आधी सिस्टरला विचारत होत्या की थेंब डोळ्यांतून घशात कसे उतरतात, आणि विचारता विचारता त्यांची नजर चित्रावर गेली. प्रश्न तोंडातच राहिला.

चित्रात एक गाव होतं. संध्याकाळची वेळ. धुळीची वाट, डावीकडं कडुनिंब, पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंती, मागं जांभळी टेकडी. आणि गावाच्या तोंडाशी, वेशीवर, पिवळं लुगडं नेसलेली एक बाई उभी. डोक्यावर पदर, एक हात कमरेवर, दुसरा हात कपाळाशी धरलेला.

"अगं बया!" आवडाबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की हॉलमधले सगळे डोळे, चांगले आणि खराब, त्यांच्याकडं वळले. "आत्याबाई! आमच्या आत्याबाई हायेत या!"

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, सारजाबाई. जाऊन तीसएक वर्षं झाली होती.

सारजाबाई म्हणजे सुपारीच होत्या. फुटली तर ठीक, नाहीतर आपलाच दात जायचा. आवडाबाई कन्नड तालुक्यातल्या माहेराहून बोरदरीला आल्या आणि लगेच बहात्तरचा दुष्काळ पडला. हळद उतरायच्या आत नवी नवरी दुष्काळी कामावर गेली. दिवसभर टेकडीपलीकडं रस्त्यासाठी खडी फोडायची, सरकारी सुकडी मिळेल ती खायची, आणि दिवस मावळता बायकांच्या रांगेतून घरी यायचं. रोज वेशीवर सारजाबाई उभ्या. पिवळं लुगडं, एक हात कमरेवर, एक कपाळाशी. सून टप्प्यात आली की एक शब्द न बोलता त्या वळायच्या आणि घराकडं चालू लागायच्या. घरी गेल्यावर म्हणायच्या, "पाय धुवायला पानी नाय. पुसून घे."

वेशीवर उभ्या सासूचा चेहरा कधी नीट दिसला नाही, कारण कपाळाशी धरलेल्या हाताची सावली त्यावर पडायची. जवळ जावं तर ती पाठमोरी झालेली. नव्या सुनेनं मनाशी ठरवून टाकलं की म्हातारी पाळत ठेवते. सून कुणाशी बोलते, कुठं रेंगाळते, माहेराला पळते की काय, हे बघते. पुढं वय वाढलं तशी शंका यायला लागली. पाळत ठेवायची तर वेशीपर्यंत कशाला यायचं? रागानं बघायची का काळजीनं? जगाला प्रश्न विचारून बेजार करणाऱ्या आवडाबाईंनी हा एक प्रश्न मात्र विचारला नाही. सारजाबाईंना प्रश्न विचारायची कुणाची टाप होती! त्यांचा फोटोही नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी त्यांची पक्की समजूत, त्यामुळं फोटोवाला दिसला की त्या शेण थापायला निघून जायच्या.

आणि आता त्या इथं, दवाखान्याच्या भिंतीवर उभ्या होत्या, तोंड समोर करून. फक्त चेहऱ्याच्या जागी धुकं होतं.

"डॉक्टर साहेब," आवडाबाईंनी आत गेल्या गेल्या विचारलं, "आपरेशन झाल्यावर मला त्या चित्रातल्या बाईचं तोंड दिसंल का?"

डॉक्टर देवेश तरुण आणि घाईतले होते. "सगळं लख्ख दिसेल, आजी."

"मग लवकर करा," आवडाबाई म्हणाल्या. लोक ऑपरेशनला घाबरतात, पोथ्या वाचतात, अंगारा लावतात. या बाईंनी उजवा डोळा असा पुढं केला की जणू कुंकू लावून घ्यायचंय.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, आणि तपासणीला परत दवाखान्यात आल्यावर आवडाबाई कुणालाही न विचारता तडक चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. नाक काचेला टेकेल इतक्या जवळ.

चित्र नव्हतंच. नुसते रंगाचे फटकारे. इथं निळा, तिथं जांभळा, मध्ये कुठं गुलाबी, असे बोटाएवढे ठिपके आणि ओरखडे. कडुनिंब म्हणजे हिरव्या-काळ्या रंगाचे पुंजके. आणि सारजाबाईंच्या जागी पिवळ्या रंगाचे जाड थर, एकावर एक. तोंड नाही, हात नाही, पदर नाही.

"चित्र बदललंय!" त्यांनी सिस्टरला धरलं. "खरं सांग, कुनी बदललं? आधीचं कुठं ठेवलंय?"

सिस्टरनं शपथा घेतल्या. श्रेयानं समजावलं. शेवटी आरडाओरडा ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांना चित्राची सवय होती. त्यांनी आवडाबाईंना हाताला धरून हळूहळू मागं मागं नेलं, थेट हॉलच्या दारापर्यंत. "आता बघा, आजी. ही चित्रं लांबून बघायची असतात."

आणि खरंच, ठिपके एकमेकांना जाऊन मिळाले. वाट आली, कडुनिंब आला, भिंती उजळल्या, टेकडी मागं सरकली. आवडाबाईंनी वेशीकडं पाहिलं. तिथं काहीतरी पिवळं होतं, पण ते माणूस नव्हतं.

"गाव आलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत्याबाई नाय आल्या."

मग त्यांनी एक गोष्ट केली. तळव्यानं उजवा डोळा झाकला आणि राहिलेल्या डाव्या, मोतीबिंदूच्या डोळ्यानं पाहिलं. सारजाबाई वेशीवर उभ्या होत्या. एक हात कमरेवर, एक कपाळाशी. तळवा काढला, गेल्या. झाकला, आल्या.

डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्यात डाव्या डोळ्याचं करून टाकू."

"नाय," आवडाबाई म्हणाल्या. "हा डोळा ऱ्हाऊ द्या."

घरी प्रयागनं कपाळावर हात मारला. "लोक दिसावं म्हणून डोळे करतात, ह्यांना न दिसण्यासाठी एक डोळा ठेवायचाय!" श्रेयानं मोबाइलवर वाचून दाखवलं की मोतीबिंदू जास्त पिकवून चालत नाही, डोळा जाऊ शकतो. आवडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते चित्र काढलं कुनी?" हे कुणालाच माहीत नव्हतं. मग काय, हात धुऊन मागं लागल्या. सिस्टरला विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, दवाखान्यासमोरच्या रसवंतीवाल्यालाही विचारलं. शेवटी कळलं की चित्र काढणारी बाई लांब कुठं नव्हती. डॉक्टरांच्या आई सरोजिनीबाई दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहत होत्या.

डॉक्टरांना पेशंटच्या डोळ्याची काळजी होती. त्यांनी आईला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "त्या विचारतील. तू सांग, हो, बोरदरीच आहे, ती बाईच आहे, आणि दुसऱ्या डोळ्यानंतर चेहरा दिसेल. तेवढ्यानं ऑपरेशनला तयार होतील." सरोजिनीबाईंनी चष्म्यावरून मुलाकडं असं पाहिलं की तो गुपचूप खाली निघून गेला.

सरोजिनीबाई सेलूकर म्हणजे सासरी-माहेरी सगळे कारकून आणि त्याआधीचे भिक्षुक. घरात चित्र काढलेलं कुणी पाहिलेलं नाही. नवऱ्याची नोकरी फर्दापूरला असताना त्यांना हा छंद जडला. अजिंठ्याची लेणी बघायला आलेला एक परदेशी प्रवासी जाताना रंगाची पेटी आणि चित्रांचं एक पुस्तक ठेवून गेला, त्यावरून शिकल्या.

"बसा, आवडाबाई," त्या म्हणाल्या. "ते गाव बोरदरी नाही. फर्दापूरजवळचं आहे. मला बोरदरी कुठं आहे हेसुद्धा माहीत नव्हतं."

"आनि ती बाई?"

"ती बाई नाही. कडब्याची गंज आहे. वर शेतकऱ्यानं घोंगडं टाकलं होतं आणि बाजूला दोन पेंढ्या कलल्या होत्या."

आवडाबाई एकदम हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आत्याबाईंची गंज केली की हो तुमी! अन् मी येडी. बहात्तरात कडबा कुठला! जनावरंसुदिक ऱ्हायली नव्हती." सरोजिनीबाईही हसल्या. चहा आला. हसू ओसरल्यावर आवडाबाईंनी खरा प्रश्न विचारला. "मग नीट गंजीसारखी गंज का नाय काढली? बाईसारखी का काढली?"

"या रीतीत वस्तू काढतच नाहीत," सरोजिनीबाई म्हणाल्या. "वस्तूवर पडलेला उजेड काढतात. त्या वेळी तिथं जो उजेड होता, तो."

"उजेड तर जातो."

"म्हणूनच घाई करावी लागते. नाक-डोळे काढायला वेळच मिळत नाही." सरोजिनीबाईंनी कप खाली ठेवला. "तुम्हाला हवं असेल तर मी गंजीला दोन हात आणि तोंड काढून देते. माझंच चित्र आहे."

आवडाबाईंना मोह झाला नाही असं नाही. पण त्या म्हणाल्या, "नको. तुमी कुठं आत्याबाईंना बघितलंय? तुमी काढाल ते तुमच्या मनचं तोंड व्हईल."

आता यावर कुणीही म्हणेल की सुंठीवाचून खोकला गेला, गंज ती गंज, बाईंनी डोळा करून घ्यावा. पण माणसाला कळणं वेगळं आणि डोळ्याला दिसणं वेगळं. जिना उतरल्यावर आवडाबाईंनी हॉलमध्ये उजवा डोळा झाकला. सगळं ठाऊक असूनही सारजाबाई तिथंच उभ्या होत्या. "पुढच्या महिन्याचं बघू," असं सांगून त्या घरी आल्या.

आणि त्यांना नाद लागला. जुना डोळा काय काय दाखवतो ते बघायचा. गॅलरीत बसायचं, चांगला डोळा तळव्यानं झाकायचा आणि बायपासकडं बघायचं. पार्किंगमधल्या कव्हर घातलेल्या मोटारसायकली बसलेले बैल व्हायच्या. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी मारुतीचं देऊळ व्हायची. सिमेंटच्या गोण्यांची थप्पी म्हणजे पारावर बसलेली म्हातारी माणसं. बोरदरी हळूहळू परत वसत होती. श्रेयाला त्या बोलावून दाखवायच्या, "त्यो बघ धोंडिबा सुतार बसलाय," आणि श्रेयाला गोण्याच दिसायच्या.

रोज संध्याकाळी मात्र त्या खाली गेटपाशी येऊन उभ्या राहत. निमित्त टँकरचं. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, टँकर येईल तेव्हा यायचा. टँकरवर लक्ष ठेवायला वॉचमन होता, पण आवडाबाई त्याला सांगत, "तू जा, चहा पिऊन ये." प्रयाग शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होती, तिची बस त्याच वेळेला यायची. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, असं आवडाबाईंचं म्हणणं.

एका संध्याकाळी त्या गेटवर असाच डोळा झाकून खेळत उभ्या होत्या. रस्त्यापलीकडं एक खांब होता आणि त्याला कुणी फाटकं पोतं गुंडाळलेलं दिसत होतं. पोतं वाऱ्यानं हलत होतं. आवडाबाई त्याच्याकडं बघून, याचं काय होतंय, कोन होतंय, असा अंदाज घेत बसल्या. मागून श्रेया धावत खाली आली आणि तशीच रस्त्याकडं पळाली. "आजी! आई खाली बसलीय तिकडं!"

तळवा काढला तेव्हा आवडाबाईंना दिसलं. खांबाला धरून उभी असलेली प्रयाग आता तिथंच खाली बसली होती. कंपनीत उन्हानं चक्कर आली होती, अंगात ताप, बसमधून उतरल्यावर रस्ता ओलांडायचा धीर होत नव्हता.

पलंगावर पडल्यावर प्रयाग म्हणाली, "आत्याबाई, मी किती वेळ हात करत होते. तुम्ही माझ्याकडंच बघत होता."

"मला वाटलं पोतं हाय," आवडाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

प्रयागला झोप लागली, पण आवडाबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. बहात्तरात कामावरून परतणाऱ्या बायकांची ती रांग, सगळ्या धुळीनं एकाच रंगाच्या झालेल्या, आणि त्यातून सारजाबाई आपली सून तेवढ्या लांबून ओळखायच्या. चालीवरून ओळखत असतील. रोज एकटक बघितल्याशिवाय चाल ओळखू येत नाही. आणि आपण? आपण पोत्यात आत्याबाई शोधल्या आणि सुनेचं पोतं केलं. वेशीवर उभं राहायचं तर डोळे धड पाहिजेत, नाहीतर उभं राहून काय उपयोग?

सकाळी त्यांनी श्रेयाला उठवलं. "डॉक्टरला फोन लाव. म्हनावं, डावा करायचाय."

दवाखान्यात ऑपरेशनला आत जायच्या आधी त्यांनी चित्रासमोर उभं राहून उजवा डोळा झाकला. "येते, आत्याबाई," असं म्हणाल्या. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, कोण आत्याबाई? प्रश्न विचारणं हा आजवर आवडाबाईंचा हक्क होता, पण त्या दिवशी त्यांनी उत्तरही दिलं नाही आणि आत गेल्या.

दुसरा डोळा झाल्यावर जग नको तितकं लख्ख झालं. भिंतींवरचे पोपडे, प्रयागच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, स्वतःच्या हातांवरच्या सुरकुत्या, सगळं दिसायला लागलं. बैलांच्या मोटारसायकली झाल्या आणि देवळाची टाकी झाली. उन्हाची तिरीप मात्र सोसेना. काळा चष्मा दिला होता, तो त्यांनी टीव्हीवर ठेवून दिला, कारण तो घातला की त्या म्हणे रेल्वे स्टेशनवरच्या पाकीटमारासारख्या दिसत.

मग एक दिवस बस आली नाही. जालना रोडला काहीतरी मोठं झालंय, गाड्या अडकल्यात, असं वॉचमन म्हणाला. प्रयागचा फोन लागेना. आवडाबाई गेटवर गेल्या. सूर्य बुडायला टेकला होता आणि समोरून डोळ्यांत येत होता. आज टँकर येऊन, पाणी देऊन गेलासुद्धा, पण त्यांच्या ते लक्षात नव्हतं. लोक येत होते, उतरत होते, त्यांत प्रयागची चाल नव्हती. खूप वेळानं रिक्षा थांबली आणि तिच्यातून ती उतरली, धडधाकट, हातात डबा. आवडाबाई एक शब्द न बोलता वळल्या आणि लिफ्टकडं चालू लागल्या.

वर श्रेया हसत बसली होती. तिनं रस्त्यापलीकडच्या दुकानातून येता येता आजीचा फोटो काढला होता. "आई, हे बघ, आजी गेटवर कशी उभी होती. हवालदार!"

प्रयागनं मोबाइल हातात घेतला. "बाई गं! आत्याबाई, केवढ्या रागानं बघताय! माझं काय चुकलं?"

"राग कुठला?" आवडाबाई चिडून म्हणाल्या. "जीव थाऱ्यावर नव्हता माझा. काय काय मनात येऊन गेलं. आन इकडं."

त्यांनी मोबाइल घेतला. पिवळं पातळ. डोक्यावर पदर. एक हात कमरेवर, उन्हासाठी एक हात कपाळाशी. श्रेयानं दोन बोटांनी चेहरा मोठा करून दिला. भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, समोरच्याला जाळून टाकतील असे डोळे. आणि त्या डोळ्यांमागं तेव्हा काय चाललं होतं, ते या जगात फक्त आवडाबाईंना ठाऊक होतं.

त्या खाली बसल्या. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात, ते असे येऊन भेटतील असं त्यांना वाटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ऑपरेशन झालेले डोळे चोळायचे नसतात म्हणून त्यांनी ते वाहू दिलं.

"आजी, काय झालं? तुझाच फोटो आहे," श्रेया घाबरून म्हणाली.

"नाय गं. ह्या आत्याबाई," आवडाबाई म्हणाल्या. "लई काळजी करायच्या माझी."

प्रयाग अजून दारातच उभी होती, डबा हातात धरून, आपण उशीर केला म्हणून सासू रडते की काय अशा शंकेत. आवडाबाईंनी पदरानं गाल टिपले आणि तिच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं.

"उभी काय ऱ्हायलीस? पाय धू," त्या म्हणाल्या. "पानी आलंय."